मुष्टियुद्धाचा पहिला नियमकार : जॅक ब्रॉटन

हल्लींच्या मुष्टियुद्धाचा सामना ज्यांनीं एकदां तरी पाहिला असेल त्यांच्या लक्षांत एक लहानशी विसंगति आल्यावांचून राहिली नसेल. दोघे वीर ज्या जागेंत लढतात तिला इंग्रजींत 'रिंग' म्हणजे कडें असें म्हणतात, आणि ती जागा पाहावी तों चौकोनी असते. नांव वर्तुळाचें आणि आकार चौकोनाचा, हा प्रकार कसा झाला? वर्तुळ हें प्रेक्षकांचें. दोन माणसें मारामारीला उभीं राहिलीं कीं बघ्यांचें कडें आपोआप तयार होतें. त्यासाठीं कोणाला आंखणी करावी लागत नाहीं. चौकोन मात्र आपोआप होत नाहीं. तो कोणीतरी विचारपूर्वक काढावा लागतो. मुष्टियुद्धाच्या जागेंत खडूनें चौकोन काढावा असा लेखी दंडक ज्यानें प्रथम घातला तो मनुष्य अठराव्या शतकांतील लंडनचा एक नावाडी होता. त्याचें नांव जॅक ब्रॉटन.

हा ब्रॉटन स्वतः इंग्लंडचा नामांकित मुष्टियोद्धा होता. पुढें त्यानें स्वतःचा आखाडा बांधून सामने भरविण्याचा धंदा केला, आणि त्या धंद्याच्या सोयीसाठीं म्हणून केलेले त्याचे सात नियम जवळजवळ शतकभर चालले. योद्धा, मालक आणि नियमकार या तीन नात्यांची गुंतागुंत त्याच्या आयुष्यांत अशी कांहीं झाली आहे कीं, एकाचा विचार दुसऱ्यावांचून करतां येत नाहीं.

ब्रॉटनचा जन्म अठराव्या शतकाच्या अगदीं आरंभींचा. तरुण वयांतच तो थेम्स नदीवर नाव वल्हविण्याच्या धंद्यांत उमेदवार म्हणून शिरला. त्या काळच्या लंडनांत या धंद्याचें महत्त्व फार होतें. शहराच्या भर वस्तींत नदीवर लंडन ब्रिज हा एकच पूल. वेस्टमिन्स्टरचा पूल खुला झाला तो १७५० सालीं. त्यामुळें पैलतीरीं जावयाचें असो किंवा नदीकांठानें एका भागांतून दुसऱ्या भागांत जावयाचें असो, नावाड्यावांचून लंडनकराचें पान हालत नसे. भरती-ओहोटीच्या ओढीशीं दिवसभर झगडून या लोकांचे खांदे आणि दंड पिळदार होत, आणि गिऱ्हाइकांवरून होणाऱ्या रोजच्या भांडणांमुळें त्यांच्या जिभाहि तितक्याच तिखट होत.

थॉमस डॉगेट नांवाच्या एका विनोदी नटानें १७१५ सालीं या नावाड्यांच्या तरुण पिढीसाठीं एक शर्यत सुरू केली. नुकतीच उमेदवारी पुरी केलेल्या सहा जणांनीं लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंतचें पावणेपांच मैलांच्या आंतबाहेरचें अंतर वल्हवावयाचें, आणि जो पहिला येईल त्याला लाल रंगाचा अंगरखा व दंडावर लावण्याचा चांदीचा मोठा बिल्ला मिळावयाचा, अशी ही योजना होती. ती शर्यत आजहि दर वर्षीं होते. १७३० सालचा अंगरखा ब्रॉटननें जिंकला. त्याच्या नांवाची सार्वजनिक नोंद प्रथम होते ती अशी पाण्यावर. ठोशाचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु पाठीचा व मनगटाचा जो जोर त्याला पुढें उपयोगी पडला तो या वल्ह्यानेंच दिलेला होता. अंगानें तो जवळजवळ सहा फूट उंच असून वजन सुमारें २०० पौंड होतें. एकदां धंद्यांतल्याच एका सोबत्याशीं बाचाबाची होऊन हातघाईवर प्रकरण आलें आणि तेव्हां आपल्या हातांत काय आहे याची त्याची त्यालाच जाणीव झाली, असें त्याच्या चरित्रांतून सांगितलेलें असतें.

त्या वेळच्या लंडनांत मुष्टियुद्ध ही एक स्वतंत्र विद्या म्हणून नुकतीच डोकें वर काढीत होती. तिचा पहिला मोठा वस्ताद जेम्स फिग. हा ऑक्सफर्डशायरमधील थेम गांवचा गडी. लंडनच्या ऑक्सफर्ड रोडजवळ त्याचें स्वतःचें क्रीडागृह होतें. पण फिगची खरी हुशारी तलवार, लाठी आणि फरीगदका यांत होती. मुठींची लढत ही त्याच्या खेळांतील एक पुरवणी होती असें म्हटलें तरी चालेल. १७३४ सालीं फिग वारला आणि ती जागा त्याचा शिष्य जॉर्ज टेलर याच्या ताब्यांत आली. ब्रॉटनचें नांव गाजूं लागलें तें या टेलरच्या आखाड्यांत.

या लढती कशा होत हें श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. हातांत मोजे नाहींत. वेळेची मर्यादा नाहीं. प्रतिपक्ष्याला उचलून आपटावयाला हरकत नाहीं. आपल्याकडील कुस्तींत टांग किंवा ढांक लावून पाडतात तसे पाडण्याचे डाव त्यांत सर्रास चालत. केंस धरून मारणें, पडलेल्यावर तुटून पडणें, चौथऱ्यावर चढून बघ्यांनीं मध्यें तोंड घालणें, हेंहि चालत असे. लढत संपली कीं नाहीं हें ठरवावयाला कोणतीहि ठाम खूण नव्हती. आणि ज्या खेळावर उमराव लोक शेंकडों पौंडांच्या पैजा लावतात त्या खेळांत शेवट कोठें हें ठरलेलें नसणें म्हणजे दर सामन्यानंतर दुसऱ्या मारामारीची तयारीच होय.

ब्रॉटनची पद्धति या गर्दींत उठून दिसली. केवळ बळावर भिस्त न ठेवतां तो प्रतिपक्ष्याचा ठोसा कोपरापासूनच्या हातावर झेलून अडवी, एक पाऊल मागें घेई आणि समोरचा उघडा पडला कीं नेमका घाव घाली. छातीच्या पिंजऱ्याखालीं पोटाच्या वरच्या भागीं जो नाजुक खळगा असतो तेथें मारलेल्या ठोशानें माणसाचा श्वास कोंडतो, हें त्याला पक्कें ठाऊक होतें, आणि त्या जागेला मुष्टियोद्ध्यांच्या बोलींत त्याचेंच नांव पडलें. कॅप्टन जॉन गॉडफ्रे यानें १७४७ सालीं आत्मसंरक्षणाच्या विद्येवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. गॉडफ्रे स्वतः फिगच्या हाताखालीं शिकलेला. तोंडपुज्या स्तुतीचा त्याला सोस नव्हता. त्यानें सर्व मुष्टियोद्ध्यांत पहिला मान ब्रॉटनला दिला आहे. शिल्पकार रिसब्रॅक यानें हर्क्यूलिसचा एक मोठा पुतळा घडविला, त्यासाठीं त्यानें निरनिराळ्या मल्लांच्या अवयवांचे नमुने घेतले आणि बाहु मात्र ब्रॉटनचे घेतले, अशी नोंद आहे. तो संगमरवरी हर्क्यूलिस विल्टशायरमधील स्टाउरहेड येथील उद्यानांत आजहि उभा आहे.

१७४१ सालीं ब्रॉटनची जॉर्ज स्टीव्हन्सन नांवाच्या एका गाडीवानाशीं लढत झाली. ती अर्ध्या तासाहून अधिक वेळ चालली व शेवटीं एका जबर ठोशानें स्टीव्हन्सन कोसळला. पुढें थोड्याच दिवसांत तो वारला, ब्रॉटननें त्याची शुश्रूषा केली, आणि त्या पश्चात्तापांतून मुष्टियुद्धाला नियम घालून देण्याचा त्यानें निश्चय केला, अशी हकीकत पुष्कळ पुस्तकांतून आढळते. हकीकत मनाला भिडणारी आहे खरी. परंतु ती जशीच्या तशी मान्य करण्यापूर्वीं ब्रॉटनचे नियम एकदां शब्दशः वाचून पाहावेत हें बरें.

ते नियम समजण्यासाठीं प्रथम त्याचा आखाडा समजला पाहिजे. १७४३ च्या आरंभीं ब्रॉटननें टेलरची संगत सोडली, आणि त्याच ऑक्सफर्ड रोडच्या आसपास कांहीं थोरामोठ्यांच्या वर्गणीवर स्वतःचें क्रीडागृह उभारलें. त्यांत नाटकगृहाप्रमाणें पुढील जागा, कक्ष आणि वरचा सज्जा अशी रचना होती, आणि मधोमध लढतीचा चौथरा. वर्तमानपत्रांतून दोघां मालकांची जाहिरातींची चकमक झडली. पूर्वीचा मालक म्हणूं लागला कीं, आपल्या हाताखालीं वाढलेला गडी उलटला. नवा मालक म्हणूं लागला कीं, ज्यांच्या रक्ताघामावर दारांत पैसा जमतो त्या गड्यांना वाजवी वांटा मिळावयास हवा. या दुसऱ्या म्हणण्यांत तथ्य होतें आणि सोयहि होती. गडी ब्रॉटनकडे वळले. टेलरचा आखाडा लवकरच ओस पडला, व कांहीं काळानें खुद्द टेलर ब्रॉटनच्या चौथऱ्यावर लढूं लागला.

सामने भरविणारा म्हणून ब्रॉटन अगदीं धुतल्या तांदळासारखा होता असें समजण्याचें कारण नाहीं. त्याच्या जाहिरातींत मोठ्या सामन्याच्या आधीं एका वेळीं सात-आठ जणांनीं चौथऱ्यावर एकमेकांशीं वाटेल तसें लढावयाचें, अशा दंगलीचीहि आमिषें असत. यांतला एक ठरीव गडी 'बकहॉर्स' या टोपणनांवानें प्रसिद्ध होता. चेहरा मूळचाच बेडौल, त्यांत मार खाऊन खाऊन तो आणखी बिघडलेला. आणि थोड्या नाण्यांसाठीं कोणाचाहि ठोसा तोंडावर घ्यावयास हा गृहस्थ तयार असे. लोक हंसत आणि पैसे फेंकीत. दारावरील उत्पन्नाचा विचार करणाऱ्या मालकाला असल्या माणसाचीहि गरज भासते, ही गोष्ट त्या धंद्यांत तेव्हांपासून फारशी बदललेली नाहीं.

आतां नियम. १६ ऑगस्ट १७४३ या दिवशीं ते मान्य झाले, आणि त्यांच्या शिरोभागींच ते 'ब्रॉटनच्या आखाड्यांत' पाळावयाचे आहेत असें म्हटलेलें आहे. म्हणजे मुळांत हा देशाचा कायदा नव्हे; एका घरमालकानें आपल्या घरापुरती लावलेली ही शिस्त होय.

पहिला नियम असा कीं, चौथऱ्याच्या मधोमध एक यार्डाचा चौकोन खडूनें आंखावा. कोणीहि पडला किंवा कठड्याला भिडून सोडवावा लागला, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीराख्यानें आपल्या गड्याला त्या चौकोनाच्या बाजूवर आणून प्रतिपक्ष्यासमोर उभें करावें, आणि दोघे रेघेवर नीट उभे राहीपर्यंत कोणीं कोणाला मारूं नये. दुसरा नियम वेळेचा. पडलेल्या गड्याला पाठीराख्यानें अर्ध्या मिनिटाच्या आंत रेघेवर आणला नाहीं, तर तो हरला. चौथ्या नियमानें ही गोष्ट आणखी पक्की केली : ठरलेल्या वेळांत रेघेवर न येणें, किंवा स्वतःच्याच पाठीराख्यानें हार जाहीर करणें, या दोहोंवांचून तिसऱ्या कोणत्याहि कारणानें गडी हरला असें मानूं नये, आणि प्रतिपक्ष्याच्या गड्याला 'आतां पुरे कर' असें सुचविण्याचा दुसऱ्या पाठीराख्याला अधिकार नाहीं.

या तीन नियमांचा एकत्र विचार केला म्हणजे ब्रॉटनच्या बुद्धीची तारीफ करावीशी वाटते. त्यानें 'हरला कोण' हा वादाचा प्रश्न 'रेघेवर आला कीं नाहीं' अशा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रश्नांत बदलून टाकला. आपल्या कुस्तींत पाठ जमिनीला लागली कीं निकाल होतो, तेथें वादाला जागा उरत नाहीं; तीच सोय त्यानें खडूच्या रेघेनें केली. प्रेक्षकांतील शेवटच्या माणसालाहि निकाल कळावा आणि पैजेचे पैसे तंटा न होतां हातांत पडावेत, हा त्यांतील मुख्य हेतु. सहावा नियमहि याच जातीचा : लढत सुरू होण्यापूर्वीं दोघां गड्यांनीं हजर असलेल्या सद्गृहस्थांतून दोन पंच निवडावेत, आणि त्यांचें जमलें नाहीं तर त्यांनीं तिसरा नेमावा.

पांचवा नियम पैशाचा आहे आणि तो विशेष लक्ष देण्यासारखा आहे. मुख्य सामन्याखेरीज ज्या लहानसहान जोडी लागत त्यांत जिंकणाऱ्याला जमलेल्या पैशांपैकीं दोन-तृतीयांश मिळावेत, आणि ही वांटणी चौथऱ्यावर सर्वांदेखत व्हावी, मग आंतून कांहींहि करार झालेला असो. शेवटचें वाक्य फार बोलकें आहे. दोघे गडी आधींच गुपचूप ठरवून पैसे निमेनिम वांटून घेत आणि मग चौथऱ्यावर लुटुपुटीची लढाई करीत, हें ब्रॉटनला ठाऊक होतें. तो स्वतः त्याच चौथऱ्यावरून वर आलेला होता. जिंकणाऱ्याला जास्त मिळतें हें सर्वांसमोर दिसलें म्हणजे खरें लढण्याला कांहीं अर्थ उरतो. गरीब गड्याचें हित आणि मालकाची अब्रू हीं दोन्ही या नियमांत एकाच ठिकाणीं आलीं आहेत.

सातवा नियम सर्वांत प्रसिद्ध. पडलेल्याला मारूं नये. मांडी, विजार किंवा कमरेखालील कोणताहि भाग पकडूं नये. आणि गुडघ्यावर आलेला मनुष्य पडलेलाच समजावा.

राहिला तिसरा. मोठ्या सामन्यांत लढणारे व त्यांचे पाठीराखे यांवांचून चौथऱ्यावर कोणीं असूं नये. लहान लढतींतहि तसेंच. फक्त तेथें शिस्त राखण्यासाठीं व सद्गृहस्थांना त्यांच्या जागा दाखविण्यासाठीं मिस्टर ब्रॉटन यांना चौथऱ्यावर राहण्याची मुभा आहे, मात्र त्यांनीं लढतींत हात घालूं नये. नियम करणाऱ्यानें स्वतःचें नांव नियमांत घालून स्वतःला सवलत दिली, आणि लगेच त्याच वाक्यांत स्वतःवर बंधनहि घातलें! आपणच मालक, आपणच पंचांवरचे व्यवस्थापक, आणि वेळ आली तर आपणच लढणारे, या स्थितींतला अवघडपणा त्याला कळत होता असें या एका वाक्यावरून दिसतें.

स्टीव्हन्सनच्या मृत्यूची हकीकत आतां या नियमांशेजारीं ठेवून पाहावी. सातव्या नियमांत पडलेल्याविषयीं दया आहे हें खरें. परंतु लढत किती वेळ चालावी, थकलेल्याला विसांवा किती, बेशुद्धीच्या काठावर असलेल्या माणसाला थांबवावयाचें कोणीं, याविषयीं सातांपैकीं एकाहि नियमांत अक्षर नाहीं. उलट, अर्ध्या मिनिटांत गड्याला सावरून पुन्हां रेघेवर आणण्याचें काम पाठीराख्यावर सोंपविलें आहे. पश्चात्तापानें लिहिलेला कागद असा नसता. हा कागद एका चतुर व्यवस्थापकाचा आहे. त्यांतून माणुसकीचें काम पुष्कळ झालें ही गोष्ट वेगळी. त्या लढतीवर पॉल व्हाइटहेड नांवाच्या कवीनें १७४४ सालीं 'जिम्नॅसिअड' या नांवाचें एक विडंबन-महाकाव्य लिहिलें. होमरच्या थाटांत दोन ठोसेबाजांचें वर्णन करून लोकांना हंसवावें असा त्याचा उद्देश; पण त्यावरून ब्रॉटनचें नांव सुशिक्षितांच्या बैठकींतहि कसें पोंचलें होतें तें कळतें.

ब्रॉटनच्या हातून झालेली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मऊ मोजे. १७४७ च्या फेब्रुवारींत त्यानें हेमार्केटमधील आपल्या घरीं मुष्टियुद्धाची शिकवणी सुरू करीत असल्याची जाहिरात दिली. उमरावांच्या मुलांना ही विद्या शिकावयाची हौस होती, परंतु सुजलेला डोळा किंवा मोडलेलें नाक घेऊन मेजवानीला जाण्याची तयारी नव्हती. तेव्हां ब्रॉटननें आंत मऊ भर घातलेले मोजे ठेवले आणि शिकणाऱ्यांच्या नाजुक प्रकृतीचा पूर्ण विचार केला जाईल असें आश्वासन दिलें. ते मोजे फक्त शिकवणीपुरते. त्याच्या चौथऱ्यावर पैशासाठीं लढणाऱ्या गड्यांच्या मुठी उघड्याच राहिल्या. ज्यानें पैसे द्यावयाचे त्याचें नाक शाबूत राहावें आणि ज्यानें पैसे घ्यावयाचे त्याचें फुटलें तरी चालावें, असा हा हिशेब होता. पण वस्तु एकदां निघाली कीं ती ठरविलेल्या जागींच राहते असें नाहीं. आज लहान मुलापासून जगज्जेत्यापर्यंत सर्व जण मोजे घालूनच उभे राहतात.

ब्रॉटनचा मुख्य आश्रयदाता ड्यूक ऑफ कंबरलंड. हा दुसऱ्या जॉर्ज राजाचा मुलगा. १७४६ सालीं कलोडनच्या रणांगणावर स्कॉटलंडमधील बंडखोरांचा ज्यानें निःपात केला व ज्याच्या क्रूरपणाबद्दल त्याला खाटिक हें नांव पडलें, तोच. ड्यूकनें ब्रॉटनला आपल्याबरोबर युरोप खंडांत नेलें असतां बर्लिन येथें प्रशियाच्या राजाची धिप्पाड सैनिकांची पलटण दाखविली आणि यांतील कोणाशीं लढशील काय असें विचारलें. रोज न्याहारी मिळत असेल तर एकेकाशीं करून सगळी पलटणच घेतों, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें म्हणतात. या आख्यायिकेंत जो आत्मविश्वास दिसतो तोच पुढें त्याला नडला.

१७५० सालीं जॅक स्लॅक नांवाचा नॉर्विचचा एक खाटिक लंडनला आला. त्याची व ब्रॉटनची कांहीं कुरबूर झाली, ब्रॉटननें त्याला चाबकाचा धाक दाखविला, आणि स्लॅकनें आव्हान दिलें, असें सांगतात. ब्रॉटननें तें हंसण्यावारीं नेलें. त्याचें वय या वेळीं पंचेचाळिशीच्या पुढें. पुष्कळ वर्षें कोणीं त्याच्यासमोर टिकलेलें नाहीं. आखाडा त्याचा, नियम त्याचे, प्रेक्षक त्याचे. त्यानें मेहनत केली नाहीं. उलट स्लॅक ऐन वेळीं येणार नाहीं अशीच त्याला काळजी, म्हणून हजर राहण्याबद्दल त्यानें त्याला दहा गिनी आगाऊ दिल्याची हकीकत आहे. पैजेचा भाव ब्रॉटनच्या बाजूनें एकास दहा होता.

११ एप्रिल रोजीं सामना झाला. पहिलीं दोन मिनिटें ब्रॉटनचींच होतीं. नंतर स्लॅकनें एकदम पुढें झेंप घेऊन ब्रॉटनच्या दोन डोळ्यांच्या मधोमध एक जबरदस्त ठोसा लगावला. पाहतां पाहतां सूज चढली आणि दोन्ही डोळे मिटले. लोकांना प्रथम कांहीं कळेना. ब्रॉटन हात पुढें करून चांचपडतो आहे, आणि नेहमींसारखा पुढें सरसावत नाहीं, एवढेंच दिसलें. ड्यूकनें संतापून ओरडून विचारलें कीं, हें काय चाललें आहे, तूं हरलास कीं काय? ब्रॉटननें उत्तर दिलें तें अशा आशयाचें कीं, मला समोरचा दिसत नाहीं. मी आंधळा झालों आहें, हरलों नाहीं. मला फक्त त्याच्या समोर उभें करा.

हे शब्द शौर्याचे म्हणून नेहमीं सांगितले जातात, आणि ते तसे आहेतहि. पण त्यांत आणखी एक गोष्ट आहे. 'समोर उभें करा' ही त्याची मागणी म्हणजे त्यानेंच सात वर्षांपूर्वीं लिहिलेला पहिला नियम होता. गड्याला रेघेवर आणून प्रतिपक्ष्यासमोर उभें करणें हें पाठीराख्याचें काम. आणि रेघेवर आलेला मनुष्य हरलेला नव्हे. त्या गड्याला डोळ्यांनीं दिसलें पाहिजे असें नियमांत कोठेंच नव्हतें. आंधळ्या माणसाला थांबविण्याची सोय ज्या कागदांत नव्हती तो कागद त्याच्याच हातचा होता. सामना चौदा मिनिटांत संपला.

ड्यूकनें या लढतीवर दहा हजार पौंड घालविले अशी त्या काळीं बोलवा झाली, आणि आपल्याला विकलें गेलें असा त्यानें शेवटपर्यंत संशय धरला असेंहि म्हणतात. हा संशय अन्यायाचा होता. सामना विकणारा मनुष्य स्वतःचे डोळे फोडून घेत नाहीं, आणि ज्या आखाड्यावर आपली भाकरी आहे तो मोडून घेत नाहीं. एका राजपुत्राच्या मर्जीवर उभी राहिलेली इमारत ती मर्जी जातांच कोसळावी यांत नवल नाहीं. ब्रॉटनचा आखाडा बंद पडला. ब्रॉटन पुन्हां लढला नाहीं. लंडनांत उघडपणें असे सामने भरविणें अवघड होऊन बसलें, आणि मुष्टियुद्ध गांवाबाहेरच्या माळांवर गेलें. पुढील तीस-पस्तीस वर्षांचा काळ विकलेल्या सामन्यांच्या संशयानें काळवंडलेला आहे. सर्वांदेखत पैसे वांटण्याचा नियम कागदावर राहिला होता. तो अमलांत आणणारें घर राहिलें नव्हतें.

ब्रॉटन मात्र भिकेला लागला नाहीं. मुष्टियोद्ध्यांच्या चरित्रांत ही गोष्ट इतकी विरळ आहे कीं ती मुद्दाम सांगितली पाहिजे. राजाच्या अंगरक्षक पथकांत त्याला जागा मिळालेली होती ती त्यानें अखेरपर्यंत सांभाळली. लॅम्बेथ भागांत घर केलें. जुन्या मौल्यवान वस्तूंच्या खरेदी-विक्रींत लक्ष घातलें. आणि मरतेवेळीं सुमारें सात हजार पौंड मागें ठेवले असें म्हणतात. त्याच्या हयातींतच त्याचें नांव सामान्य नाम बनलें. फ्रान्सिस ग्रोझ यानें १७८५ सालीं रस्त्यावरच्या बोलीचा एक कोश प्रसिद्ध केला, त्यांत 'ब्रॉटोनियन' म्हणजे मुष्टियोद्धा असा शब्द आढळतो.

आणि त्याला आपल्या विद्येचें पुनरुज्जीवनहि पाहावयास मिळालें. ९ जानेवारी १७८८ या दिवशीं ओडिहॅम येथें रिचर्ड हंफ्रीज आणि डॅनियल मेंडोझा यांची गाजलेली लढत झाली. मेंडोझा बेताच्या अंगाचा, पण हात अडविण्यांत व पाय हालविण्यांत अत्यंत चपळ. अडवून मग मारण्याची जी रीत ब्रॉटननें दाखविली होती तिचा विकास या तरुणानें केला. सारें लंडन त्या लढतीविषयीं बोलत होतें, आणि ती झाली ब्रॉटनच्याच नियमांनीं. पुढल्या वर्षीं, ८ जानेवारी १७८९ रोजीं, ब्रॉटन वारला.

त्याच्या नियमांना नवें रूप मिळालें तें १८३८ सालीं. त्या नव्या नियमांनीं २४ फुटांचा दोरबंद चौकोन ठरवून दिला, डोक्यानें ढुशी देणें, चावणें, डोळ्यांत बोटें घालणें हे प्रकार स्पष्ट शब्दांत मना केले, आणि एक बदल असा केला कीं जो ब्रॉटनला ११ एप्रिल १७५० रोजीं लागू झाला असता : अर्धें मिनिट संपल्यावर आणखी आठ सेकंदांत गड्यानें कोणाच्याहि आधारावांचून, आपल्या पायांनीं चालत रेघेवर आलें पाहिजे. पाठीराख्यानें आणून उभें करणें बंद झालें. १८६७ सालीं क्वीन्सबेरीच्या मार्क्विसच्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाचा विसांवा, दहा सेकंदांची मोजणी आणि मोजे या गोष्टी आणल्या, व पाडण्याचे डाव काढून टाकले. त्यांचा खरा लेखक जॉन ग्रॅहॅम चेंबर्स. उघड्या मुठींनीं झालेली भारी वजनाच्या जगज्जेतेपदाची शेवटची मोठी लढत अमेरिकेंत मिसिसिपी संस्थानांत जॉन सुलिव्हन व जेक किलरेन यांच्यामध्यें झाली, ती १८८९ च्या जुलैंत. म्हणजे ब्रॉटनच्या मृत्यूला त्या वेळीं शंभर वर्षें होऊन गेलीं होतीं. ती ७५ फेऱ्या चालली. पडलेल्याला मारावयाचें नाहीं हा नियम या सर्व बदलांतून जसाच्या तसा आजवर आलेला आहे.

वेस्टमिन्स्टर ॲबे या लंडनच्या प्रसिद्ध देवळाच्या पश्चिमेकडील ओवरींत फरशीवर ब्रॉटनच्या नांवाची एक शिला आहे. तीवर त्याच्या पत्नीचें नांव आहे आणि तो राजाच्या अंगरक्षक पथकांत होता असें लिहिलें आहे. त्याच्या नांवाखालीं एक ओळ मात्र बरींच वर्षें कोरी होती. तेथें 'इंग्लंडचा अजिंक्यवीर' असें लिहावें अशी इच्छा होती, परंतु देवळाच्या मुख्य धर्माधिकाऱ्याला देवाच्या दारीं ठोसेबाजीचा उल्लेख पसंत पडला नाहीं, म्हणून ती जागा मोकळी सोडली गेली, असें सांगतात. दोन शतकें येणाऱ्याजाणाऱ्यांनीं तो कोरा दगड पाहिला. १९९० सालीं अमेरिकेंतील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मानगृहानें आपल्या पहिल्याच यादींत आद्य पुरुषांमध्यें ब्रॉटनचें नांव घातलें. पण त्याच्या दोन वर्षें आधींच, १९८८ सालीं, ॲबेमधील त्या रिकाम्या जागेंत 'इंग्लंडचा अजिंक्य मुष्टियोद्धा' अशा अर्थाचे शब्द कोरले गेले होते.